दिवे वाढव

आमच्या झाशीजवळच्या बरुआसागरच्या कॉलेजात शिकवायला रुजू होण्याचा तो शेवटचा दिवस होता. दहापर्यंत पोचले नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं, म्हणून आईसुद्धा सोबत निघाली. गाडीला हळदकुंकू लावून, नवी शाल पांघरून ती पुढे बसली.

गाडी जुनी, मामांनी ओळखीतून मिळवून दिलेली. तिची एक खोड होती. पुढचे दिवे लागलेले असताना काच धुवायचं बटण दाबलं, की दिव्यांवरही पाण्याचे फवारे उडायचे आणि टाकी बघता बघता रिकामी व्हायची. प्रेम नगरचा मेकॅनिक त्या फवाऱ्यांचा फ्यूज काढून देणार होता, पण त्याचं "कल आना, दीदी" संपत नव्हतं. तोवर गाडी कडेला घ्यायची, दिवे बंद करायचे आणि मगच काच धुवायची.

"पाणी थोडंच आहे. मी विसरले तर आठवण कर," मी आईला निघतानाच सांगितलं.

झाशी सुटली तसं धुकं दाटलं. पुढचे ट्रक चिखल उडवत होते आणि वायपर तो काचभर पसरवत होता. मी कडेला थांबून बटणाकडे हात नेला.

"थांब! आधी दिवे वाढव."

धुक्यात हिला दिसत नसेल, असं वाटून मी दिवे आणखी मोठे केले आणि बटण दाबलं. दोन्ही दिव्यांवर कारंजी उडाली.

"अगं, वाढव म्हटलं ना!"

"वाढवलेच की!"

"हे वाढवणं? वाढव म्हणजे बंद कर! आजच्या दिवशी विझव म्हणू का मी?"

तिच्या माहेरी देवापुढचा दिवा कधी विझवत नसत, वाढवत असत. माझं सगळं शिक्षण हिंदीतलं. घरात आम्ही 'बत्ती बंद कर' एवढंच म्हणायचो. मी पुन्हा बटण दाबलं. नुसती घरघर झाली.

आई पाण्याची बाटली घेऊन उतरली.

"तू आतच बस. तुझी साडी खराब व्हायला नको."

तिने काचेवर पाणी ओतलं आणि शालीच्या टोकाने ती पुसली. थोडं पुढे गेल्यावर काच पुन्हा भरली आणि बाटलीही संपली. चहाच्या टपरीवाल्याने ती भरून देताना विचारलं, "काय बिन्नू, गाड़ी सपरा रईं का?" गाडीला आंघोळ घालताय का, असं त्याला म्हणायचं होतं. आई हसत म्हणाली, "आज इसका भी पहला दिन है, भैया."

दहाला थोडा वेळ होता तेव्हा मी सही केली. बाहेर आले तर आई फाटकाशी उभी, शालीची चिखलाची बाजू आत घडी घातलेली.

"झालं?"

"झालं."

तिने डोळे पुसले, तेही त्याच शालीने. गालावर चिखलाचा पट्टा उमटला.

त्याच आठवड्यात मेकॅनिकने फ्यूज काढला. आता टाकीतलं पाणी भरपूर दिवस पुरतं आणि दिवे चालू ठेवूनच काच धुता येते. पण तो शब्द माझ्या तोंडात बसला. परवा तास संपल्यावर मी मुलींना सहज म्हणाले, "बत्ती बढ़ा दो."

बाकीच्या गोंधळून वर पाहू लागल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली. "मैडम, हमाई दादी भी ऐसई कहती हैं," असं म्हणत ती उठली आणि तिने दिवे बंद केले.