राग दिसत नाही म्हणणाऱ्या बाई

आमच्या बाई कुणाला रागावलेलं म्हणत नसत. दूधवाल्यानं कॅन आपटला आणि मी म्हटलं, स्वारी आज रागात दिसते, की त्या चहा ढवळत म्हणायच्या, "कॅन आपटला हे तू पाहिलंस. राग तू पदरचा घातलास." मला वैताग यायचा. आता 'वैताग'सुद्धा त्यांना चालला नसता म्हणा.

बाई वागणुकीचा अभ्यास करायच्या, प्राण्यांच्या आणि माणसांच्याही. मी देवगडकडची, सातवीत शाळा सुटलेली. ऐंशी साल उलटल्यावर मुलुंडला त्यांच्याकडे स्वयंपाकाला राहिले. एकदा गवार मोडता मोडता त्यांनी मला आपलं काम समजावलं. एकाच वागण्याला माकडांचा अभ्यासक एक नाव देतो, मनाचा डॉक्टर दुसरं, समाज बघणारा तिसरं, मग एकाचं दुसऱ्याला कळत नाही. म्हणून सगळ्यांनी आधी फक्त दिसलं ते लिहावं, नाव मागाहून द्यावं. "नाव चिकटलं ना सुलू, की त्या जिवाकडे कुणी परत बघत नाही," असं त्या म्हणायच्या. भीती म्हणाल तर त्यांना ही एवढीच.

मला ते लगेच पटलं, कारण गावात मला झपाटलेली म्हणत. दारावर थाप पडली की माझे हात कापायचे, श्वास अडकायचा. अजूनही होतं कधी कधी. तुला काय झालंय, असं बाईंनी कधी विचारलं नाही. "हात कशानं थांबतात ते बघ आणि मला सांग," एवढंच म्हणाल्या. कणीक मळताना थांबतात, असं मी चार दिवसांनी भीतभीत सांगितलं. तेव्हापासून कुणी यायचं असलं की बाई स्वतः परातीत पीठ काढून ठेवत. हे उपकार मी कसे फेडणार होते?

एकदा त्यांनी तीन वेगवेगळ्या शास्त्रांतले तिघे अभ्यासक घरी बोलावले. सगळ्यांनी मिळून दिसणाऱ्या वागण्यांची एकच यादी मान्य करावी, यासाठी बाईंची कितीतरी वर्षं गेली होती. नेमकं तेव्हाच समोरच्या चाळीच्या नळावर भांडण पेटलं आणि सगळे गॅलरीत धावले. माकडवाले म्हणाले, ही हद्द राखणं. मानसशास्त्राचे म्हणाले, छे, दाबलेला ताण. समाजशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, पाणीटंचाई, दुसरं काय. बाईंनी विचारलं, "पहिला हंडा कुणी सरकवला?" कुणीच पाहिलं नव्हतं. बाईंनीही नाही, त्या पाहुण्यांकडेच बघत होत्या. सगळे पोटभर हसले, माझे घावणे खाल्ले आणि आपापलं नाव घेऊन घरी गेले. पुन्हा एकत्र बसले नाहीत. पुढे हे काम बंद करा, असं बाईंच्या संस्थेत वरून कळवण्यात आलं.

बाईंनी अंथरूण धरलं. नागपूरहून त्यांचे थोरले भाऊ आले, ते डॉक्टरांना घेऊनच. डॉक्टर तसे भले होते. त्यांनी मायेनं विचारलं, कसं वाटतंय? मी दाराशी उभी राहून देवाला विनवत होते, बाईंना एकदा तरी म्हणू दे, माझं जन्माचं काम बुडालं, मला दुःख झालंय.

बाई म्हणाल्या, "सकाळी उठत नाही. ताट अर्धं राहतं. हाक मारली की मान उशिरा वळते."

"कुणाची?"

"या बाईची," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

डॉक्टर आणि भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. मी मध्ये पडले. त्यांची बोलायची रीतच तशी हो, काम गेलंय त्यांचं, असं परोपरीनं सांगितलं. भाऊ म्हणाले, तू आत जा, पोळ्या बघ.

नागपूरच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. तिथून बाई परत आल्या नाहीत, वर्षाच्या आत गेल्याच. निघाल्या त्या दिवशी जिन्यात मी त्यांचा हात धरला होता. न राहवून विचारलं, बाई, वाईट वाटतंय ना?

त्या पायरीवर थांबल्या. "हो गं," म्हणाल्या. "खूप."

मी त्यांना कठड्याशी टेकवलं आणि भावांना सांगायला धावत खाली गेले. ते टॅक्सीत सामान ठेवत होते. माझ्याकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाले, "मेंटल पेशंट आहे. जरा हळू घे."