तिसगाव ते कोपरगाव: पळत, पळून नव्हे

धावायच्या चड्डीला एक खिसा असतो, तोही फक्त एका किल्लीसाठी. मोबाईल, रुमाल, सुट्टे पैसे आणि गोळ्यांची पट्टी घेऊन पन्नाशीच्या माणसानं जायचं कुठं, याचा विचार एकाही शिंप्यानं केलेला नाही. हा अन्याय मी आठवडाभर सोसला, कंबरेला बायकोची जुनी पर्स बांधून.

आमच्या नगरच्या धावणाऱ्या मंडळींनी पैज काढली होती: सोमवार ते रविवार, एकशे चाळीस किलोमीटर. मोजणार मोबाईलमधलं ॲप. लोकांच्या फुगवलेल्या आकड्यांवर टोमणे मारण्यात माझी हयात गेली. म्हटलं, आपला एक तरी आकडा खरा करून दाखवावा. बायको, सुनंदा, म्हणाली, "कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी लागते तुम्हाला!" झालं. सोमवारी पहिल्या एसटीनं तिसगाव गाठलं आणि नगरकडे तोंड करून पळत सुटलो.

करंजी घाटाबद्दल इतकंच सांगतो: चढावर चाला, आणि कुणी बघत असेल तर बुटाची नाडी बांधा. मंगळवारी नगर, मुक्काम घरीच. पुढं मनमाड रस्ता. उजव्या कडेनं धावा, म्हणजे समोरची गाडी दिसते. उसाच्या जोड ट्रॉल्या आल्या की सरळ शेतात उतरा. त्यांचं शेपूट त्यांच्याही ताब्यात नसतं. राहुरीत साधा लॉज सात-आठशेला मिळाला. गरम पाणी मिळतं, भांडलं तर.

देवळाली प्रवऱ्यात चहावाल्या मावशींनी माझा अवतार बघून विचारलं, "कुठून आलात?"

"तिसगावहून पळून आलोय," मी ऐटीत.

मावशींनी गाळणं खाली ठेवलं. "आन् ती कुठंय?"

"ती कोण?"

"एकटंच पळून आलात व्हय? ह्या वयात?"

बाकावरचे आजोबा म्हणाले, "बायकूला कटाळला आसंल. बसा पाव्हणं, समद्यांचं व्हतं."

तिथून पुढं मी 'पळत आलो' असंच सांगू लागलो. व्याकरणानं अब्रू वाचते ती अशी.

शनिवारी कोल्हार सोडलं आणि पोटरीचं लाकूड झालं. राहात्याच्या अलीकडं पेरूचा टेम्पो थांबला. चालवणारे युनूसभाई माझ्याच वयाचे.

"बसा की. कोपरगावलाच चाललोय."

मी पैज सांगितली, ॲप सांगितलं. ते विचारात पडले. "मंजी किलोमीटर मोबाईललाच मोजायचेत ना? मग तो द्या माझ्याकडं, पोचवतो त्याला. तुमी झाडाखाली पडा."

इतका निर्मळ भ्रष्टाचार मी कधी पाहिला नव्हता. हात पर्सच्या चेनपर्यंत गेला. तिथून परत आणला.

"नको. पळतो."

"पळा, पन त्या पायाला बर्फ लावा. चौकापोत्तर तरी चला."

बसलो. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून त्यांनी फडक्यानं पोटरीला बांधला, वर दोन पेरू दिले. ते गेल्यावर लक्षात आलं, ॲप चालूच होतं. टेम्पोचे तीन किलोमीटर माझ्या नावावर, तेही माझ्या हयातीतल्या सर्वोत्तम वेगानं.

रविवारी लंगडत, चालत, पळत कोपरगाव गाठलं. गोदावरीच्या पुलावर मोबाईलच्या पडद्यावर फटाके उडाले: एकशे चाळीस पूर्ण!

दुपारच्या एसटीनं घरी आलो. मंडळींचे अभिनंदनाचे निरोप येऊन पडले होते. सुनंदानं शिरा टाकला होता आणि ती शेजारणीला माझा आकडा सांगत होती, चक्क अभिमानानं. पन्नाशीनंतर शरीर नुसतं बिघडत जातं, असं मी याच ब्लॉगवर लिहिलं होतं. ते विधान मागं घेतो. पोटरी दुखतेय, पण माझीच आहे असं पहिल्यांदा वाटतंय.

शिऱ्याला वाफ येईपर्यंत वेळ होता. मी पुन्हा बूट चढवले.

"आता कुठं?"

"आलोच."

मोबाईल चार्जिंगला लावून ठेवला आणि सावेडीच्या रस्त्यानं, अंदाजानं थोडं जास्तच, तीन किलोमीटर पळालो.