तेरच्या क्लॅरिनेटमागे एक गिटार

"केतकी, चल तू. पण आठव्या तुकड्यात गिटार असेलच, असं मी आत्ता सांगत नाही."

सुहासदादाचा हा फोन आला तेव्हा मी क्लासमधल्या गिटारींच्या तारा बदलत होते. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मग मी कशाला येऊ? मी विचारलं, "किती वाजता निघायचं?"

थोडं मागचं सांगते. सुहासदादा सॅक्सोफोन वाजवतो आणि आयुष्यभर जॅझमध्ये मुरलाय. मी कॉलेजपासून रॉकवाली. त्याच्या जॅझ-रॉक अल्बमसाठी त्यानं मला बोलावलं, तेव्हा मी आठवडाभर हवेत होते. अशा अल्बमांत रॉक गिटारिस्टचं काम बहुतेक वेळा आग लावायचं असतं. बाकीचे बारीक नक्षी विणत बसतात आणि मधेच दोन मिनिटं मोकळी सोडून म्हणतात, आता तू सुट. सात तुकड्यांत मी अशी सुटले होते आणि दादा खूशही होता. आठवा तुकडा मात्र संथ होता. त्यात मी जे काही वाजवलं ते ऐकून दादानं हेडफोन काढला आणि म्हणाला, "हे म्हणजे देवघरात फटाके." तेव्हापासून तो दुसऱ्या गिटारिस्टची चौकशी करतोय, हे मला उडत उडत कळलं होतं.

त्या तुकड्याला क्लॅरिनेट हवं होतं. आमचा ड्रमर बालाजी मूळचा धाराशिवजवळच्या तेर गावचा. त्याचे चुलते ज्ञानोबा मास्तर चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आलेले. नवरी निघताना वाजवायची त्यांची एक स्वतःची चाल आहे. बालाजीनं ती गुणगुणून दाखवली आणि दादा म्हणाला, "त्यांना पुण्याला नको आणायला. आपणच जाऊ."

पहिला दिवस

जानेवारीतला शनिवार. पहाटे सहाला पुणं सोडलं. गाडीत आम्ही तिघं, रेकॉर्डिंगचं सामान, माझा अँप्लिफायर आणि दादाच्या मांडीवर सॅक्सोफोन, कारण डिकीत तो ठेवत नाही. सोलापूर रस्त्यानं टेंभुर्णीपर्यंत झोप काढता येईल इतका छान रस्ता. तिथून डावीकडे कुर्डुवाडी, बार्शी. बार्शीच्या पुढे येडशीजवळ बालाघाटाचे डोंगर लागतात. वेळ असेल तर रामलिंगच्या दरीत जरूर उतरा. आम्हाला वेळ नव्हता, पण चहाला थांबलो. मग ढोकीवरून तेर. वाटेत उसाचे ट्रॅक्टर इतके की ओव्हरटेक करायचा नाद सोडून द्यायचा आणि ट्रॅक्टरवर लागलेली गाणी ऐकत मागे राहायचं. एकूण साडेपाच-सहा तास धरा. आम्ही बालाजीच्या घरी उतरलो. तुम्ही जाणार असाल तर धाराशिवला लॉजवर राहा, तिथून तेरला एसटी मिळते.

मास्तर दारातच उभे होते. सत्तरीचे, पांढरा इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर उपरणं. बोलताना ते उपरण्याचं टोक तोंडासमोर धरत होते. मला वाटलं, सवय असेल.

"या ताई. गिटार तुमचीच व्हय? लई वजन दिसतंय."

जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी. मास्तर भाकरी आमटीत पार विरघळेपर्यंत कुस्करत होते. बालाजीचा हात ताटातच थांबला.

"तात्या, दात कुठायत तुमचे?"

"काढले. दिवाळीच्या आधी. हलत व्हते सगळे."

"फोनवर बोलला न्हाईत!"

"बोललो असतो तर आला असतास का?"

क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात वाद्याच्या तोंडात धरलेल्या टोकावर टेकतात, खालचा ओठ ते खालून आवळतो. दातच नाहीत तर टेकायचं कुठं? मास्तरांनी उपरणं खाली घेतलं. "कवळी केलीय. बसंना अजून नीट. पर वाजवतो म्या." मग ताटाकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्सं वाजवलं. लोक वरातीत नाचले, जेवले, गेले. बसून कुणी ऐकलं न्हाय. एकदा तरी मागं ऱ्हावं म्हणून बोललो न्हाय."

दादानं भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाला, "मास्तर, उद्या वाजवू."

दुसरा दिवस

सकाळी नाश्त्याला सुशीला होती. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते, ही बाई नाही, भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी आहे आणि मी दोन ताटल्या खाल्ल्या. मास्तर सरावाला बसले, तेवढ्यात आम्ही गाव बघून आलो. तेर छोटं वाटतं, पण दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल थेट रोमपर्यंत जायचा. संग्रहालयात मातीच्या बाहुल्या आणि मणी आहेत, ते बघायला तास हवाच. त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं. त्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात म्हणे. मी तरंगवून बघितलेली नाही, पण हातात घेतलेली वीट खरंच पावासारखी हलकी होती.

दुपारी बाराला गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात जमलो. सोमवारी संध्याकाळी तिथं लग्न होतं, म्हणून मागे स्वयंपाकाची भांडी उतरत होती, पण हॉल आम्हाला मिळाला.

मास्तरांनी कवळी घालून सुरुवात केली. तिसऱ्याच सुराला कवळी खटकन वाजली. त्यांनी ती काढून रुमालात गुंडाळली आणि नुसत्या ओठांवर वाजवायला घेतलं. आवाज आला, आणि काय आवाज आला! खरबरीत, उबदार, थोडा रडका. पण पाच-सहा सुरांनंतर ओठांच्या कडेनं हवा सुटायची आणि लांब सूर मधेच तुटायचा. चाल तर सगळी लांब सुरांचीच.

आता मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगते. सूर तुटला की जी मोकळी जागा पडायची, ती मी भरायला लागले. इकडे एक लहर, तिकडे दोन वेलबुट्ट्या. मला वाटलं, मी मदत करतेय. दादानं हात वर केला. "केतकी, थांब." तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तरांचे सुरुवातीचे चार सूर ठेवू. पुढं मी सॅक्सवर घेतो. गिटार नको."

म्हणजे मास्तरही गेले आणि मीही. मी काही म्हणणार तोच लाइट गेली. कार्यालयात जनरेटर होता, पण तो लावला तर त्याच्या धडधडीत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. बालाजी वायरमनला फोन करायला बाहेर गेला. दादा खिडकीत उभा राहिला. माझी गिटार म्हणजे आता नुसतं लाकूड होतं.

मास्तरांच्या क्लॅरिनेटला कुठं लाइट लागते? ते वाजवतच राहिले. आणि महिनाभरात पहिल्यांदा मी त्या चालीत काही न करता बसले. बसल्यावर कळलं की मास्तरांचा सूर वाटेल तिथं तुटत नव्हता, सगळ्यात लांब सुरांच्या ठरलेल्या चार जागांवर तुटत होता. नवरी उंबऱ्याशी येते, वळून बघते, अशा त्या जागा असाव्यात. पुढच्या वेळी तिथं सूर तुटला आणि मी नकळत तोच सूर हलक्या आवाजात तोंडानं धरला. मास्तरांनी श्वास घेतला आणि माझ्या आवाजावरूनच पुढं गेले. दोनदा असं झालं. मग ते थांबले.

"ताई, आत्ता काय केलंत?"

"सॉरी मास्तर, चुकून."

"चुकून न्हाय. तसंच धरा." ते खुर्ची ओढून जवळ आले. "त्या तुमच्या गिटारीचा सूर किती येळ टिकतो?"

मला हसू फुटलं. रॉक गिटारिस्टला याहून सोपा प्रश्न नाही. वेगाचं, रागाचं कौतुक सगळे करतात. पण गिटार अँपसमोर नेमक्या अंतरावर धरली की तिचा आवाज पुन्हा तिच्याच तारांना हलवत राहतो आणि एक सूर हवा तेवढा वेळ जगतो. हे मी सतराव्या वर्षापासून करतेय, नुसती मजा म्हणून.

"तुम्ही म्हणाल तोवर," मी म्हटलं.

"मग मला तेवढा दम घिऊ द्या."

चारला लाइट आली. दादाला मी फक्त एकदा ऐकायची विनंती केली. पहिल्या दोन वेळा माझा सूर उशिरा आला. तिसऱ्या वेळी मास्तरांच्या ओठांकडे बघत मी सूर आधीच उचलला, अगदी हळू, आणि त्यांचा विरत असताना तो वर येऊ दिला. मास्तरांनी डोळे मिटून, घाई न करता, पोटभर श्वास घेतला. दादानं सॅक्सोफोन पेटीत ठेवून दिला. त्याच्याकडून एवढं पुरेसं असतं.

संध्याकाळी बालाजीच्या शेतात हुरडा खाल्ला. मास्तरांना हुरडा चावता येईना, म्हणून त्यांच्या सूनबाईंनी तो पाट्यावर ठेचून दिला. ते म्हणाले, "आज सगळंच ठेचून गोड लागतंय."

तिसरा दिवस

सकाळी साडेनऊला रेकॉर्डिंग. पहिला प्रयत्न उसाच्या ट्रॅक्टरनं खाल्ला. रस्त्यावरून त्याचं गाणं थेट आमच्या माइकमध्ये उतरलं. दुसऱ्या वेळी त्या आठवणीनं मास्तरच हसले. तिसऱ्या वेळी कुणी हललंसुद्धा नाही. बालाजी ड्रमवर नुसते ब्रश फिरवत होता. माझ्या वाट्याला आठ मिनिटांत जेमतेम नऊ सूर आले, आणि त्यातल्या प्रत्येकासाठी मी मास्तरांच्या ओठांवरून नजर हलवली नाही. भरगच्च कार्यक्रमांत वाजवताना असं कधी झालं नव्हतं.

शेवटचा सूर संपला. हॉलच्या मागच्या दारात स्वयंपाकाच्या दोन बाया लसूण सोलायचं सोडून उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "मास्तर, कुणाची पाठवणी वाजवायलात? नवरी तर अजून आली न्हाय!"

मास्तर इतके हसले की उपरणं धरायचंच विसरले.

परतताना बार्शीहून परंड्याच्या वाटेनं सोनारीला वळलो. काळभैरवाचं दर्शन घेतलं. तिथं माकडं भरपूर आहेत, प्रसाद पिशवीत आणि पिशवी छातीशी धरा. आमचे अर्धा किलो पेढे पाच सेकंदांत गेले. पुढं करमाळा, भिगवण करत अंधार पडायच्या सुमारास पुणे.

आणि घरी

मिक्सिंगच्या वेळी दादानं विचारलं, "शेवटी दोन मिनिटं मोकळी आहेत. सुटायचंय का?" मोह झाला. एक दुपार मी तिथं मनसोक्त सुटले, ऐकलं आणि माझ्याच हातानं पुसून टाकलं. बाकीच्या सात तुकड्यांत मी अजूनही आग लावतेच आणि मला ती आवडतेच. पण कुणी अल्बमबद्दल विचारलं की मी आठवा लावते. त्यात गिटार कुठंय, हे निम्म्या लोकांना सापडत नाही. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा गंमत वाटली, आता कुणी 'गिटार कुठंय?' विचारेल याची मी वाट बघते.

बालाजीनं तो तुकडा तेरला पाठवला. दोन दिवसांनी मास्तरांचा फोन आला.

"ताई, म्या तीनदा ऐकलं. कुठं म्या थांबलो आन् कुठं तुमी लागलात, माझं मलाच कळंना." मग खुशीत म्हणाले, "नवी कवळी बसली बरं का. आता अख्खा सूर निघतोय."

"मग आता माझी गरज नाही, मास्तर."

"आसं कसं?" ते म्हणाले. "आता तुमी दम घ्या. म्या धरतो."