चंद्रीची फॅट

दावणीला दोन दुभत्या म्हशी असताना आमच्या घरात आठवडाभर कोरा चहा होत होता, आणि त्याला कारण मी होतो.

मी तेव्हा शिरूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होतो. मोबाईलवर आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे, तो काळ. घर भांडगावच्या पुढं एका वाडीत. आमच्या आज्यानं जन्मभर मेंढरं घेऊन रानं तुडवली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मेंढरं विकून म्हशी घेतल्या आणि वाडीच्या दूध डेअरीचे सेक्रेटरी झाले. म्हशी आप्पांच्या होत्या, पण ऐकायच्या फक्त आईचं. (आप्पाही आईचंच ऐकायचे, त्यामुळं घरात तसा वाद नव्हता.) त्यातली चंद्री तर आईचा जीव की प्राण! चंद्रीच्या दुधाला आठच्या वर फॅट लागायची. वाडीत कुणाचं पोरगं दहावीला पहिलं आलं तरी आई म्हणायची, "असंल की! पण आमच्या चंद्रीला आठ हाय."

दरवर्षी वसुबारसेला डेअरीत एक सत्कार व्हायचा. जिच्या दुधाची फॅट सगळ्यात चांगली, त्या बाईला साडी, नारळ आणि अख्ख्या वाडीच्या टाळ्या. ही साडी वर्षानुवर्षं आईच घेत आली होती. साडी काही फार भारी नसायची, पण आई ती नेसून आमच्या काकूच्या दारावरनं निष्कारण चार चकरा मारायची. काकू म्हणजे आईची जाऊ. आमची भिंत एक, म्हशी वेगळ्या.

त्या वर्षी नेमकं दिवाळीच्या तोंडावर डेअरीतलं फॅट मोजायचं मशीन बिघडलं. म्हणजे मशीन धडधाकट होतं, पण त्याची आकडे दाखवायची छोटी काच आंधळी झाली. दूध आत जायचं, मोजलं जायचं, पण किती भरलं ते कुणालाच कळायचं नाही. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "दिवाळीनंतर येतो."

मी सुट्टीला घरी आलो होतो. मशीनच्या पाठीमागं मला नऊ पिनांचं सॉकेट दिसलं आणि माझ्या अंगात आलं.

"आप्पा, ह्याची पाटी गेलीया, पण तोंड शाबूत हाय! हा सिरीयल पोर्ट. ह्यातनं मशीन आकडे बोलतं. मी ते ऐकून हाऽऽ एवढ्या मोठ्या लाल आकड्यात दाखवतो!"

"तुला येतं का ह्यातलं?"

"येतं म्हंजी? माझा प्रोजेक्टच हाय त्यावर!"

(कॉलेजात मी तोवर फक्त एक दिवा लुकलुकवला होता. तोही सरांनी जोडून दिलेला.)

दौंडच्या रेडिओवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर आणला, पुण्याहून मायक्रोकंट्रोलर. काळी चपटी चिप, दोन्ही बाजूंनी पाय. आईनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा हातात चप्पल घेतली होती. मग सुरू झालं माझं शिक्षण! सिरीयलमध्ये मुख्य वायरी दोन, एक बोलायची आणि एक ऐकायची. मशीनची बोलायची वायर चिपच्या ऐकायच्या पायाला लावायची असते. मी बोलायची बोलायच्याला लावली. दोघंही बोलतायत आणि ऐकत कुणीच नाही, म्हणजे अगदी आमच्या घरासारखं! ते सुधारलं तर वेगाचा घोळ. समोरचा ज्या वेगानं बोलतो त्याच वेगानं ऐकावं लागतं, नाहीतर भलतंच ऐकू येतं. माझ्या लाल आकड्यांच्या पाटीवर नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा उमटल्या.

आप्पा चष्मा पुसून म्हणाले, "ही फॅट हाय का मोडी लिपी?"

शेवटी एका दुपारी, आईनं मोठ्या मनानं चाचणीला दिलेल्या चंद्रीच्या तांब्याभर दुधावर आकडा उमटला! पहिला काहीतरी सहाच्या घरातला आला. तो मी 'मशीन गरम व्हायला वेळ लागतो' म्हणून सोडून दिला. मग तेच दूध पुन्हा घातलं. ८.१. परत घातलं, ८.१. परत, ८.१! कितीही वेळा घाला, आकडा हलेना.

"बघ आई! पॉइंटचा फरक न्हाई!"

"माझं सोन्यासारखं लेकरू," म्हणत आईनं आधी चंद्रीची आणि मग माझी दृष्ट काढली.

(प्रत्येक वेळी दूध एकच होतं, मग आकडा हलेल कसा, हा प्रश्न एखाद्या म्हशीलाही पडला असता. इंजिनिअरला पडला नाही.)

संध्याकाळचं दूध मोजून झाल्यावर पाटी मी डेअरीच्या खिडकीवर अशी ठोकली की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही दिसावी. पूर्वी आप्पा ज्याची फॅट त्याच्या कानात सांगायचे. आता ती लाल आकड्यात सगळ्या वाडीला दिसणार होती. आणि आमच्या डेअरीची रांग म्हणजे ठरलेली. लग्नातल्या पंगतीत एकवेळ मागंपुढं होईल, डेअरीत नाही. सगळ्यात आधी मानाची किटली चेअरमन आबांची. मग बापू, मग आई, आईच्या मागं काकू आणि मग बाकीची वाडी.

हा बापू म्हणजे मोठा दिलदार माणूस. त्याच्या म्हशीइतकंच दूध त्याची बोअर द्यायची.

पहिल्या सकाळी नारळ फुटला. आबांची फॅट सहाच्या आसपास लागली. आबा म्हणाले, "चालायचंच." मग बापूनं किटली उचलली आणि सवयीनं मान खाली घातली. पाटीवर आलं, ७.२!

बापूनं पाटीकडं बघितलं, मग किटलीकडं बघितलं, मग आकाशाकडं हात जोडले.

मग आई पुढं आली. पदर सावरला, काकूकडं एक नजर टाकली आणि दूध दिलं.

४.४.

मी बटण पुन्हा दाबणार, तेवढ्यात आप्पांनी माझा हात धरला. "एकाला दोनदा मोजून दिलं, तर सगळे दोनदा मागतील. आन् तू सेक्रेटरीचा पोरगा!" आप्पांच्या ह्या सचोटीनंच पुढं आमचा घात केला. कारण मागून काकूचं दूध मोजलं आणि पाटीवर झळकलं, ८.१!

काकूनं संध्याकाळी पेढे वाटले.

आईनं आधी दोष चंद्रीला दिला. सरकी वाढवली, मिरच्या ओवाळल्या, दौंडहून जनावराच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं चंद्रीची जीभ पाहिली, शेपटी उचलून पाहिली आणि सांगितलं, "म्हस ठणठणीत हाय. मालकिणीनं जरा आराम करावा." दुसऱ्या दिवशी फॅट ४.०. तिसऱ्या दिवशी ३.७. आई जितकी सरकी घालेल तितकी फॅट खाली! तिकडं बापूची सातच्या खाली येईना. तो रोज येताना माझ्या पाटीला हळदीकुंकू लावायला लागला.

काकू अंगणातून, उभ्या वाडीला ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाली, "जाऊबाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. व्हतं कधीकधी. धार काढताना पाण्याची बादली जरा लांब ठिवावी."

झालं! माझ्या आईनं दुधात पाणी घातलं, असं उभ्या वाडीसमोर कुणी बोललं होतं. त्या दिवशी मला आणि आप्पांना पितळीत कोरा चहा मिळाला.

आप्पा दबकत म्हणाले, "दूध?"

"दूध कुठलं? तुमच्या मशीनच्या हिशेबानं आपल्या घरात पाणीच हाय. मग पाणीच प्या!"

"अगं, मशीन मी बनिवलंय का?"

"बनिवलं त्यानं, लावलं तुम्ही. बापलेकांनी मिळून माझी अब्रू खिडकीला टांगली!"

आणि ती माजघरात जाऊन रडली. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं, की मी तिला समजवायला गेलो आणि म्हणालो, "आई, मशीनला नातं कळत न्हाई. दुधात असंल तेच सांगतंय." (ह्या वाक्यानंतर माझी भाकरीही कोरडी झाली.)

वसुबारस उजाडली. डेअरीपुढं मांडव, टेबलावर साडी आणि नारळ. काकू सकाळी सकाळी अंबाडा घालून तयार. सत्काराआधी त्या दिवशीचं दूध मोजायचं, मग नाव पुकारायचं, असं आबांनी ठरवलं होतं. आबांचं झालं. बापूचं ७.३ लागलं. आईचं आलं २.९.

आई वळली नाही की रडली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सुन्या, तुझं मशीन खोटं हाय."

आता ऐकावं की नाही? पण मी पडलो डिप्लोमावाला! सगळी वाडी बघतेय म्हटल्यावर मला चेव आला.

"खोटं? थांबा! आत्ता सगळ्यांच्या देखत बोअरचं पाणी घालतो मशीनमधी. शून्य आलं न्हाई, तर नाव बदला माझं!"

"व्हय, व्हय, घाल!" आबा म्हणाले. "एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे!"

मी माठातलं बोअरचं पाणी वाटीत घेतलं, सगळ्यांना फिरवून दाखवलं, मशीनमध्ये घातलं, ऐटीत बटण दाबलं आणि पाटीकडं न बघताच गर्दीला विचारलं, "किती आलं?"

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. मग सगळ्यांच्या तर्फे आबांनी वाचलं, "आठ पॉइंट एक."

बोअरचं पाणी! फॅट आठ पॉइंट एक!

तेवढ्यात बापूच्या तोंडून, अगदी मनापासून, प्रश्न निघाला, "कुठल्या बोअरचं रं हे? आमच्या बोअरला एवढी लागत न्हाई!"

हसू फुटायच्या आधीच काकूनं घाईघाईनं आपलं दूध पुढं केलं. "मरू दे ते पाणी, माझं मोजा आन् नाव पुकारा." मोजलं.

०.०.

"अगं बया!" काकू किंचाळली. "माझ्या म्हशीनं पाणी दिलं व्हय?"

आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात दिवा लागला. लुकलुकला नाही, चांगला लख्ख लागला! ते मशीन चालू केलं की आदल्या वेळचा शेवटचा आकडा एकदा बोलून मोकळं व्हायचं. माझी चिप तो ऐकून पदरात बांधून ठेवायची. मी बटण दाबलं की बांधून ठेवलेला जुना आकडा दाखवायची आणि नवा आकडा पदरात घ्यायची. म्हणजे रांगेत प्रत्येकाला पुढच्याची फॅट मिळत होती! आबांचे सात बापूला. बापूची बोअर आईला. चंद्रीचे आठ काकूला.

मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज बारीक बारीक होत गेला.

"म्हंजी," आबा सावकाश म्हणाले, "हे दोन पॉइंट नऊ कुणाचं?"

सगळ्यांनी बापूकडं पाहिलं. बापूची किटली तिथंच होती, बापू नव्हता. सात लागतायत म्हटल्यावर पठ्ठ्यानं रोज लोटाभर पाणी वाढवत नेलं होतं, आणि इकडं आई चंद्रीला सरकी वाढवत होती!

आबांनी फर्मान काढलं, की मशीन सुधरेपर्यंत प्रत्येकाचं दूध दोनदा घालायचं आणि दुसरा आकडा धरायचा. (आप्पांनी माझा हात धरला नसता तर पहिल्याच दिवशी हे झालं असतं. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.) आईचं दूध दोनदा घातलं. ८.१! मांडवात अशा टाळ्या पडल्या की आबांची किटली लवंडली. काकूचे सहा निघाले. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "पेढ्याचं तेवढं मनात ठिवू नका."

साडी घेताना आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पण घरी गेल्यावर चहा मिळाला, नुसत्या दुधाचा, वर बोटभर साय. आप्पांनी कप तोंडाला लावून डोळेच मिटले. मी सुट्टी संपताच चिप शिरूरला नेऊन तिच्यात एक ओळ घातली, 'आधीचा आकडा टाकून दे', आणि पाटी पुढं कित्येक वर्षं बिनचूक चालली. वाडीत माझं नाव मात्र 'आठ पॉइंट एक' पडलं ते पडलंच.

पुढच्या उन्हाळ्यात डिप्लोमाचा निकाल लागला. कॉलेजच्या फळ्यावर माझ्या नंबरापुढं फर्स्ट क्लास! पेढे घेऊन धावत घरी आलो, आईच्या पाया पडलो. आई चंद्रीची धार काढत होती. तिनं धार थांबवली नाही.

"फर्स्ट क्लास? तुला?" ती म्हणाली. "नीट बघितलंस ना रं बाबा? तुझ्या पुढच्या नंबरवाल्याचा असंल तो!"

आप्पा हसून हसून ठसकले. मीही हसलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाला न सांगता, पहिल्या एस.टी.नं शिरूरला जाऊन निकाल परत बघून आलो!