डावीकडची टेप

व्हर्लिन हॉगस्टॅडने उभी हयात गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली. यंत्र का बिघडलं हे कळल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे. निवृत्त झाल्यावर त्याने दोघांपुरतं विमान बांधायला घेतलं. सांगाडा बरीच वर्षं बैठकीच्या खोलीत होता. एका नाताळला झाड ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा बायकोने, अ‍ॅर्डिसने, शेपटीवरच दिव्यांच्या माळा सोडल्या.

यंदा विमान अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या त्यांच्या गावाबाहेर, गवताच्या धावपट्टीवर आलं आणि उडालंही. आता चाचणी चालू होती. नियमाने ठरलेले तास पुरे होईपर्यंत एकट्यानेच उडायचं. अ‍ॅर्डिसची खुर्ची तोवर रिकामी.

दुसऱ्याच उड्डाणात, चढताना, इंजिनाचा डावीकडचा पुढचा सिलिंडर फार तापला, उजवा मागचाही किंचित. पुढच्या दोन सिलिंडरांसमोर पत्र्याच्या बुटक्या पट्ट्या असतात. त्या थोडा वारा अडवून मागच्या दोघांकडे वळवतात. पट्टी उंच असेल तर पुढचा तापतो, बुटकी असेल तर मागचा. व्हर्लिनने डावी पट्टी बोटभर कापली. एका वेळी एकच बदल, हा त्याचा जुना शिरस्ता. पुढच्या खेपेला डावा निवला, पण ज्याला त्याने हातही लावला नव्हता तो उजवा पुढचा तापला. उतरून इंजिनाचं झाकण उघडलं, तर उजव्या पट्टीवर चंदेरी टेप चढवून तिची उंची वाढवलेली. टेप त्याच्याच रिळातली.

आपणच लावली असणार. पण कधी, ते आठवेना. त्याने ती सोलून काढली. पुढच्या उड्डाणात उजवा शहाण्यासारखा वागला आणि डावा पुन्हा तापला. झाकण उघडलं, तर कापलेल्या जागी तशीच टेप.

त्याच्या थोरल्या भावाचं, नॉर्बर्टचं, असंच सुरू झालं होतं. ट्रॅक्टरचं तेल बदललेलं विसरून त्याने ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बदललं. पुढे बायकोचं नावही गेलं. असलं डोकं घेऊन वर जायचं नाही, असं व्हर्लिनने ठरवलं. उडत का नाहीस, असं अ‍ॅर्डिसने विचारलं तेव्हा तो म्हणाला, वारा आहे. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

शेवटी तो शेजारच्या हँगरमध्ये, विमान ठेवायच्या शेडमध्ये, गेला. तिथे डेलमार प्रॉख्नो आपल्या विमानाचं चाक पुसत होता. विमान विकायचंय, कुणी गिऱ्हाईक असलं तर सांग, असं व्हर्लिन म्हणाला.

"वेड लागलंय का तुला?"

"तेच सांगायला आलोय."

त्याने टेपची गोष्ट सांगितली. डेलमार पुसायचा थांबला.

"उजवीकडची मी लावली होती. उजवा मागचा तापतो म्हणून तूच शनिवारी रडत होतास ना?"

"मग सांगायचंस की."

"तू विचारायचंस."

"काय विचारू? बाबा रे, माझ्या इंजिनात तुझा हात होता का, असं?"

"असंच. मी हो म्हटलं असतं."

"आणि डावीकडची?"

"डावीकडची कुठली?" डेलमार म्हणाला.

या धावपट्टीवर हँगरला कुलूप नसतं. जाता-येता कुणी कुणाच्या चाकात हवा भरतो, सैल स्क्रू पिळतो आणि बोलत नाही. खुद्द व्हर्लिनने गेल्या वर्षी डेलमारच्या शेपटीच्या चाकाची स्प्रिंग गुपचूप बदलली होती. शनिवारी धावपट्टीवरचे सगळे पॅनकेक खायला जमले, तेव्हा त्याने डाव्या टेपचा विषय काढला. सगळ्यांनी आपापल्या बशीत पाहिलं. कुणीतरी पाकाची बाटली पुढे सरकवली.

त्या दुपारी त्याने अ‍ॅर्डिसला सगळं सांगितलं, नॉर्बर्टसकट. कुलूप लावलं असतं तर धावपट्टीवरच्या सगळ्यांच्या मनाला ते लागलं असतं. दोघं हँगरवर गेले, त्याने तिच्यासमोर दोन्ही पट्ट्या साफ करून झाकण लावलं आणि तिने झाकणाच्या फटीवर लाल नेलपॉलिशची आडवी रेघ ओढली.

"आता माझ्याशिवाय इथे पाऊल टाकायचं नाही," ती म्हणाली. "रेघ मोडली तर हात दुसऱ्याचा. रेघ शाबूत असून आत काही बदललंय असं तुला वाटलं, तर डॉक्टर."

पुढच्या शनिवारी दोघं आले. रेघ मोडलेली होती. झाकण उघडलं. पट्ट्या जशाच्या तशा होत्या, पण मागे लोंबणारी एक वायर कुणीतरी व्यवस्थित बांधून ठेवली होती. व्हर्लिनने कधीच इतकी नीट बांधली नसती.

"मी नाही," अ‍ॅर्डिस म्हणाली. "आणि तू आठवडाभर माझ्याबरोबर होतास."

व्हर्लिनने ती गाठ बोटाने ओढून पाहिली. यावरून डावीकडची टेप आपली नव्हती हे ठरत नाही, एवढं त्याला कळत होतं. कुणाची होती, ते मात्र कळत नव्हतं. त्याने इंजिनाची एकेक नळी हाताने चाचपली आणि झाकण लावलं. अ‍ॅर्डिसने नवी रेघ ओढून बाटलीचं बूच लावलं.

"आज वारा आहे का रे?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि विमान बाहेर ढकलायला लागला.