लुगड्याची झोळी

"थांबा! गाठ सरकून राहिली!"

माह्या सेक्शनमधली कौसल्या वरडली अन् आम्ही सगळ्याइनं दोरी जागच्या जागी धरली. खाली विहिरीत, लुगड्याच्या झोळीत, पाय मोडलेला मजूर लटकला होता. झोळीची आयडिया माही. गाठबी माहीच.

मी तवा नागपुरात महिला होमगार्डमधे होती. लढाई होऊन गेली होती, ब्लॅकआउटच्या ड्युट्या संपल्या होत्या. सकाळी फॉलिन म्हंजे रांगेत हजेरी, परेड, मंग घरी. त्या दिवशी परेडवरूनच आमच्या सेक्शनले नंदनवनकडं नेलं. नव्या विहिरीची कड ढासळली होती. तोंड अरुंद, स्ट्रेचर आत जाईना. प्लाटून कमांडर साहेब नुसते येरझारा घालून राहिले होते. मले घरचा लुगड्याचा पाळना आठवला.

"सर, लुगड्याची झोळी करू?"

"शाबास! करा!"

जमलेल्या एका बाईचं लुगडं घेऊन म्या झोळी बांधली, खाली सोडली, मजूर कसाबसा तिच्यात सरकला. मले पाळन्याची गाठ येत होती. पन लेकरू झोळीत निजते, मानूस तडफडते, हे ध्यानातच नाही आलं. होमगार्डात दोरीच्या गाठी शिकवायचा क्लास झाला तवा मी झाडाखाली लेकराले पाजत बसली होती. कौसल्या हसे मले, "तू दूध पाज वं, दोरी माह्याकडं राहू दे."

मजुराले हळूहळू परत खाली टेकवलं. कौसल्यानं बूट काढले.

"सर, मी उतरते."

"आर्डर नाही."

"मंग द्या न आर्डर!"

साहेबांनी दिली. दुसऱ्या दोरीनं ती खाली गेली. तिनं गाठ सोडून नव्यानं बांधली. खालून शिट्टी आली. साहेब म्हनले, "वढा!" मानूस वर आला, गाठ तसूभर हालली नाही. आम्ही त्याले झोळीतून काढूनच राहिलो होतो, का विहिरीची दुसरी कड खाली कौसल्यावर ढासळली. मी वाकून वाकून हाका मारल्या. शिट्टी आली नाही.

मंग साहेबांनी इचारलं, आयडिया कोनाची? सगळ्याइनं माह्याकडं बोट केलं. परेडवर माह्या छातीले मेडल लावलं, टाळ्या वाजल्या. कौसल्यासाठी दोन मिनिटं सावधान उभे राहिलो. म्या वर्दी परत केली, पन मेडल कोनी वापस घेईना.

आज तिची माय घरी आली. माह्या लेकराले मांडीवर घेऊन खेळवलं, चहा घेतला. मंग म्हने, "पोरी, लोक म्हनतेत तुह्या डोक्यानं मानूस वाचला. मंग माही कौसी खालते काहून गेली वं?"

मी चहाचे कप उचलून आत गेली. उद्या येतो म्हनून गेली ते.

माही गाठ सुटत होती म्हनून गेली, असं सांगावं, तर माहं लेकरू मांडीवरून खाली ठेवून उठून जाईन ते. नाही सांगावं, तर कौसल्याच्या हातचं काम माह्या डोक्याच्या नावावर राहीन, जलमभर.

तुम्ही असते त काय सांगितलं असतं तिले?