बिफोरचा फोटो

"ताई, एकदा पडून दाखवा ना."

आमच्या लाइनचे इंजिनिअर सर असं म्हणाले. हातात मोबाईल, तोंडावर गोड हसू. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. शेजारी सुपरवायझर. मागे लाइनवरच्या अकरा बाया, मशीन थांबवून बघत उभ्या.

मी पडले.

"जरा हळू पडा. फोटो हलला."

दुसऱ्यांदा पडले. मग सुपरवायझर म्हणाला, "सर, पाय दिसत नाहीये. सलवार वर घ्यायला सांगा, म्हणजे लगेच कळेल." मी सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली. पोलिओने वाळलेला उजवा पाय, त्याला पट्ट्यांनी बांधलेलं कॅलिपर. हा पाय मी माझ्या सख्ख्या मावशीलाही कधी उघडा दाखवला नव्हता.

"आणि चेहरा त्रासलेला ठेवा. हसू नका," सर म्हणाले.

कारण मी हसत होते. फरशीवर पडले होते आणि हसत होते, सरांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. त्यांच्यापेक्षा जास्त माझा स्वतःचा.

तिसरा फोटो पास झाला.

अंबडच्या या कंपनीत विजेच्या स्विचचे सुटे भाग बनतात. मी रिव्हेटिंग मशीनवर. दोन पत्रे हातांनी धरायचे, पायाने खालचं पॅडल दाबायचं, वरून ठोका पडतो, पत्रे जोडले जातात. दिवसभर उभ्याने. डाव्या पायावर उभी राहिले तर उजव्यात पॅडल दाबायचा जोर नाही. उजव्यावर भार देऊन डावा उचलला की मी खाली. बसून काम केलं तर डाव्या पायाने आरामात जमतं. म्हणून कामाला लागले त्याच आठवड्यात मी स्टूल मागितलं.

सुपरवायझर म्हणाला, "एकीला स्टूल दिलं की उद्या सगळ्या मागतील."

आणि वर म्हणाला, पुढच्या शनिवारपर्यंत काम जमलं नाही तर घरी बसायचं.

सायखेड्याला माझे मामा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग करतात. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे गेले आणि वहीत काढलेलं चित्र दाखवलं. पॅडलला तार बांधायची, ती वर आणायची, वर एक दांडा, दांडा कोपराने दाबायचा. हात मोकळेच राहतात. मामांनी चष्मा लावून बघितलं. म्हणाले, "लय सोपं हे. पाय नाय ऐकत तर कोपर हाय की." जुन्या स्कूटरची क्लच वायर, ट्रॉलीचा उरलेला गज. दोन वेळा वायर सैल पडली, तिसऱ्यांदा बसली. कोपर सोलवटू नये म्हणून आईने दांड्याच्या टोकाला गोधडीचा तुकडा शिवून दिला.

दांडा मशीनला बसवला आणि पहिल्या आठवड्यातच माझं काम बाकीच्यांच्या बरोबरीने व्हायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात पुढे गेलं. तेव्हा सरांचं लक्ष गेलं.

कंपनीत कायझेन नावाचा प्रकार असतो. कामात काही सुधारणा केली की ती कागदावर लिहून बोर्डावर लावायची. डावीकडे बिफोरचा फोटो, उजवीकडे आफ्टरचा. आमच्याकडे आफ्टर होता. बिफोर नव्हता. म्हणून मला पाडलं.

बोर्ड कॅन्टीनच्या भिंतीवर. आफ्टरमध्ये फक्त माझं कोपर आणि दांडा. बिफोरमध्ये मी अख्खी, फरशीवर, पाय उघडा. खाली छापलं होतं, 'संकल्पना', पुढे सरांचं नाव. 'लाभार्थी', पुढे 'दिव्यांग महिला ऑपरेटर'. मामांचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. माझंही नव्हतं. लाइनवर मला लंगडी म्हणतात, कागदावर दिव्यांग. नाव कुठेच नाही.

त्या फोटोखाली बसून आम्ही रोज डबे खात होतो. मीही खात होते. हे लपवणार नाही. नोकरी टिकली, एवढंच मला कळत होतं.

मग कुणीतरी तो फोटो मोबाईलवर फिरवला. फिरत फिरत तो शेजारच्या बाईकडे आणि तिच्याकडून आईकडे आला. मी घरी पोचले तर आई तेलाची वाटी घेऊन बसलेली.

"कुठं लागलं गं? सांगितलं का नाहीस?"

"लागलं नाही. खरं पडले नव्हते. फोटोसाठी पडले."

आईला ते समजायला वेळ लागला. मी चार वर्षांची असताना हीच बाई मला भिंतीला टेकवून उभी करायची आणि दोन पावलं मागे सरकून 'ये' म्हणायची. वर्षभर रोज. पडले की उचलायची, पुन्हा भिंतीला लावायची.

ती म्हणाली, "खरं नव्हतं, तर मग पडलीस कशाला?"

आईने वाटी उचलून आत नेऊन ठेवली.

पुढच्या आठवड्यात मोठ्या कंपनीचे पाहुणे यायचे होते. सर सकाळीच म्हणाले, "ताई, आज लाइव्ह दाखवायचंय. आधी कशा पडायचात ते, मग दांडा. पाय तेवढा नीट दिसू द्या."

दुपारी माझ्या मशीनसमोर चार खुर्च्या मांडल्या. गादीच्या, पाठीला टेकू असलेल्या. मी बघतच राहिले. म्हणजे कंपनीत खुर्च्या होत्या!

पाहुणे आले. सरांनी इंग्रजीत बोलून घेतलं आणि माझ्याकडे हात केला. मी मशीनकडे गेले नाही. पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले. सलवार खाली, घोट्यापर्यंत.

"सर, दांडा मी आणि माझ्या मामांनी बनवला. तो कसा चालतो ते दाखवते. पडायचं असेल तर तुम्ही पडा. मी इथे बसून बघते."

सरांचे कान लाल झाले. एक पाहुणा घड्याळाकडे बघत म्हणाला, "इट्स ओके. फोटो आहे ना?" आणि सगळे बोर्डाकडे निघाले. माझं पडणं त्यांना फोटोतही चालणार होतं.

फोटो नव्हता. तो मी जेवणाच्या सुट्टीत काढून डब्याच्या पिशवीत घातला होता. बोर्डाला नुसत्या चार टाचण्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मशीनवरून दांडा काढलेला. कंपनीची मालमत्ता म्हणे. गोधडीच्या तुकड्यासकट गेला. सुपरवायझर म्हणाला, "पॅडलवर चालव. नाहीतर राजीनामा लिही."

मी राजीनामा लिहिला नाही. पॅडललाही पाय लावला नाही. तिसऱ्या दिवशी घरून प्लास्टिकचं स्टूल घेऊन गेले. गेटवर वॉचमनने काढून घेतलं. मी मशीनसमोर पाळी संपेपर्यंत उभी राहिले, एक ठोका मारला नाही. चौथ्या दिवशी दुसरं स्टूल नेलं. तेही काढून घेतलं. पाण्याच्या नळावर आमच्याच लाइनवरच्या मंदाने हळूच विचारलं, "स्टूल कुठून घेतलंस? माझे पण गुडघे लय दुखतात." मी पडले तेव्हा हीच सगळ्यात मोठ्याने हसली होती. ते मी विसरलेले नाही. मी तिला दुकान सांगितलं.

काल साहेब लोकांनी ऑफिसात बोलावलं. समजुतीचं बोलले. स्वतःहून सोडा, म्हणाले, तुमचंच नाव खराब होईल.

मी म्हटलं, "काढा मला. पण लेखी द्या. आणि कारण लिहा, पडून दाखवायला नकार दिला."

कुणी पेन उचललं नाही. तो कागद हातात येत नाही तोवर मी रोज स्टूल घेऊन गेटवर जाणार आहे. आज पाचवं नेलं. उद्या मंदा तिचं आणणार आहे.